बंदुकीच्या नळीचा मुखसंकोच आणि कालनिर्णय
(कृष्णाकांठच्या एका दुनळी बंदुकीच्या निमित्तानें)

१. प्रास्ताविक

जुना कागद हातीं आला म्हणजे त्याचा काल ठरविण्याचे कांहीं नियम आपल्या अंगवळणीं पडले आहेत. मोडीचें वळण, कागदाची जात, मायना, शिक्का, तिथि, वार व संवत्सर यांचा मेळ, आणि मजकुरांतील माणसांचा अन्य कागदांशीं जुळणारा संबंध, इतकें पाहिल्यावांचून ‘हें पत्र अमक्या सालचें’ असें म्हणण्यास कोणी संशोधक धजत नाहीं. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत असतां पटवर्धनी दप्तर लावलें, तें याच नियमांच्या बळावर. वाईस सांपडलेल्या कागदांचा पहिला खंड राजवाडे यांनीं १८९८ त छापला, तेव्हांपासून या कामाची शिस्त आपल्याकडे रुजली. परंतु ज्या वाड्यांत कागदांचे रुमाल असतात त्याच वाड्याच्या माजघरांत खुंटीला एखादी बंदूकही टांगलेली असते. आणि तिची गोष्ट निघाली कीं हा सर्व विवेक आपण उंबऱ्याबाहेर ठेवतों. घरांतील वडीलधारे सांगतात तें साल आपण निमूटपणें लिहून घेतों.

ही चूक आम्हींही केली आहे, आणि तिची दुरुस्ती करणें हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे. दुसरा हेतु असा कीं, ज्या खुणेवरून ती चूक उघडकीस आली ती खूण, म्हणजे नळीच्या तोंडाशीं असणारा सूक्ष्म संकोच, संग्राहकांस ओळखतां यावा. शिकारी लोक यास ‘चोक’ म्हणतात. आम्हीही तोच रूढ शब्द घेतों. अर्थ स्पष्ट करावयाचा असेल तेथें ‘मुखसंकोच’ असें म्हणूं.

२. प्रस्तुत बंदूक

कृष्णाकांठीं एका गांवीं एक जुनें घराणें आहे. हें गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत गेलें, आणि त्या जिल्ह्यास १९६० त सांगली हें नांव मिळालें. घराण्याचें नांव येथें देत नाहीं. त्यांची तशी इच्छा आहे, आणि निष्कर्षास नांवाची गरजही नाहीं. त्यांच्याकडे परवान्यावर असलेली एक दुनळी बंदूक आहे. ती ठासणीची असून टोपीवर उडणारी आहे. म्हणजे दारू व छरे तोंडाकडून भरावयाचे, आणि मागील बोंडीवर तांब्याची टोपी बसवून घोडा पाडावयाचा. नळ्यांवर पिळीव लोखंडाच्या लहरी दिसतात. दस्ता अक्रोडाचा असून एके ठिकाणीं चिरला आहे, व तेथें पितळेचा पत्रा मारला आहे.

घरांतील परंपरा अशी कीं, ही बंदूक सत्तावनच्या सालीं घरांतील एका पूर्वजानें बाळगली होती. या प्रदेशांत अशी परंपरा असणें स्वाभाविक आहे. १८४८ त छत्रपति अप्पासाहेब निवर्तल्यावर साताऱ्याचें राज्य खालसा झालें. रंगो बापूजींच्या कटासंबंधानें ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांस देहांत शासन झालें. पुढच्याच वर्षीं दक्षिणेस नरगुंदचे बाबासाहेब भावे यांचा उठाव झाला. या आठवणी घरोघर आहेत, आणि आठवणीस टेंकावयाला एखादी वस्तु लागते.

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्मरणग्रंथासाठीं टिपण लिहितांना आम्हीं ही बंदूक ‘सत्तावनच्या काळांतील’ म्हणून नोंदली. आमचा आधार दुहेरी होता: एक घरची परंपरा, आणि दुसरा बंदुकीचा घाट. टोपीची कळ १८२० नंतर युरोपांत सर्रास झाली, आणि १८५७ त अशी दुनळी येथें असणें मुळींच अशक्य नव्हतें. आमचें अनुमान कळीपुरतें बरोबर होतें. नळीच्या तोंडाकडे मात्र आम्हीं पाहिलें नाहीं.

३. परिभाषा

प्रथम ‘बोअर’ हा शब्द पाहूं. एक पौंड शिशाचे समान वाटोळे गोळे पाडावे. ज्या नळींत त्यांतील एक गोळा नेमका बसेल, त्या नळीचा आंकडा म्हणजे गोळ्यांची ती संख्या. बारा गोळे झाले तर बारा बोअर, सोळा झाले तर सोळा बोअर. तोफेची मातब्बरी गोळ्याच्या वजनावरून सांगण्याची रीत आपल्या वाचकांस परिचित आहे. ही त्याच जातीची रीत होय. भेद इतकाच कीं तेथें आंकड्याबरोबर तोंड वाढतें व येथें घटतें. बारा बोअरचा व्यास ०.७२९ इंच, तेराचा ०.७१०, चौदाचा ०.६९३ आणि सोळाचा सुमारें ०.६६२ इंच येतो. पुढील विवेचनांत इंचाचा हजारावा भाग तो ‘सहस्रांश’ असें मोजूं.

आतां चोक. नळी बुडापासून तोंडापर्यंत एकाच व्यासाची असेल तर ती समनळी, म्हणजे व्यवहारांतील ‘सिलिंडर’. तोंडाजवळच्या शेवटच्या एक ते तीन इंचांत तिचा व्यास किंचित् कमी केलेला असेल तर तो चोक. मोटेची सोंड हातानें आंवळली म्हणजे पाणी जसें एकवटून पडतें, तसे या संकोचामुळें छरे दूरवर एकवटून जातात. हा संकोच डोळ्यांस बहुधा दिसत नाहीं, कारण पुऱ्या चोकांतही तो ४० सहस्रांशांच्या आसपासच असतो. बारा बोअरच्या नळीसाठीं विलायती प्रमाण असें:

पुरा चोक: ४० सहस्रांश
पाऊण चोक: ३० सहस्रांश
अर्धा चोक: २० सहस्रांश
पाव चोक: १० सहस्रांश
सुधारलेला सिलिंडर: ३ ते ५ सहस्रांश
शुद्ध सिलिंडर: शून्य

परिणामाचें प्रमाणही ठरलेलें आहे. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचें वर्तुळ कल्पून त्यांत एकंदर छऱ्यांपैकीं किती पडले तें मोजतात. पुऱ्या चोकानें शेंकडा ७०, पाऊणानें ६५, अर्ध्यानें ६०, पावानें ५५, सुधारलेल्या सिलिंडरानें ५० आणि शुद्ध सिलिंडरानें ४० छरे वर्तुळांत पडावे अशी अपेक्षा असते. विलायती सहा नंबरचे छरे सव्वा औंसांहून थोडे कमी, म्हणजे १ १/८ औंस घेतले तर ते सुमारें ३०४ भरतात. म्हणजे पुऱ्या चोकानें त्यांतील सुमारें २१३ व समनळीनें सुमारें १२२ छरे त्या वर्तुळांत येतील. अंतर लहान नाहीं.

संस्कृत वाङ्मयांत या संकोचाचा कांहीं मागमूस आहे काय, हा प्रश्न आमच्यासारख्यास सुचणें साहजिक आहे. शुक्रनीतींत बृहन्नालिक व लघुनालिक अशीं दोन अस्त्रें वर्णिलीं आहेत. त्यांत लघुनालिकाची नळी पांच वितींची, तिचें बीळ मधल्या बोटाएवढें, मुळाशीं कान आणि नेम धरण्यासाठीं तिळाएवढे बिंदु, असा तपशील येतो. बिळाचें माप एकच सांगितलें आहे. तोंडाशीं तें अरुंद करण्याचा उल्लेख नाहीं. हें वर्णन तोड्याच्या साध्या बंदुकीचें आहे. ओपर्टनें १८८० त याच वर्णनावरून प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें, पण तो ग्रंथ आहे त्या स्वरूपांत फार अर्वाचीन असल्याचें पुढील पंडितांनीं दाखविलें, आणि लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ त तो एकोणिसाव्या शतकांत आणून ठेवला. वस्तूवरून ग्रंथाचा काल ठरावा कीं ग्रंथावरून वस्तूचा, याचा तो चांगला धडा आहे.

४. चोकाचा उगम केव्हांचा?

आमच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. छऱ्यांचा फैलाव आवरण्यासाठीं नळीच्या आंतील आकाराशीं खटपट करणें जुनें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच ग्रंथकारांनींही त्याची चर्चा केली आहे. परंतु पद्धतशीर चोक हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील होय. न्यूकॅसलचा कारागीर पेप यानें १८६६ त त्याचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत रोपर यानें १८६८ त तोंडावर बसविण्याच्या निराळ्या तुकड्याचें पेटंट घेतलें, आणि त्याच सुमारास इलिनॉयचा शिकारी किंबल यानेंही स्वतंत्रपणें प्रयोग केले. बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यानें १८७४ पासून चोकाचा मोठा पुरस्कार केला, आणि १८७५ त लंडनच्या ‘फील्ड’ पत्रानें घेतलेल्या जाहीर चांचणींत चोकाच्या नळ्या सरस ठरल्या. त्यानंतरच विलायती कारखान्यांनीं तो सर्रास उचलला.

आपल्याकडील जुन्या नळ्यांचें वळण निराळें. तोड्याच्या कित्येक बंदुकांचें तोंड बाहेरून कमळासारखें फुगीर किंवा कांगोरेदार असतें. तें पाहून ‘हिचें तोंड आंवळलेलें आहे’ किंवा ‘पसरट आहे’ असें म्हणणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. बाहेरील घाटाचा आंतील व्यासाशीं कांहीं संबंध नाहीं. तो शोभेचा व बळकटीचा भाग आहे.

५. मोजण्याची रीत

सर्वांत मोठा गैरसमज असा कीं तोंडाचा व्यास मोजला म्हणजे चोक कळला. कोणी नाणें तोंडावर ठेवून पाहतात. आंत गेलें तर सिलिंडर, अडकलें तर चोक. ही रीत सर्वस्वीं त्याज्य आहे. बारा बोअरची म्हणून विकलेली नळी आंतून नेमकी ०.७२९ इंच असतेच असें नाहीं, ती ०.७१० पासून ०.७४० पर्यंत कोठेंही असूं शकते. समजा, दोन नळ्यांचीं तोंडें सारखींच ०.७०० इंच आहेत. एकीचें पोट ०.७१० असेल तर संकोच १० सहस्रांश, म्हणजे पाव चोक. दुसरीचें पोट ०.७४० असेल तर ४० सहस्रांश, म्हणजे पुरा चोक. तोंड एकच, जाति दोन. एकट्या संवत्सराच्या नांवावरून शक ठरवूं नये, साठ वर्षांनीं तेंच नांव पुन्हां येतें, तसेंच हें. चोक हें माप नव्हे, तो दोन मापांतील फरक आहे.

म्हणून दोन मापें घ्यावीं. पहिलें पोटाचें: विलायती तपासणीगृहांत तें बुडापासून नऊ इंचांवर घेत असत, आपणही तेथेंच घ्यावें. दुसरें तोंडाचें, अगदीं कडेवर नव्हे तर किंचित् आंत, कारण कड झिजलेली किंवा ठोकरलेली असते. दोहोंची वजाबाकी म्हणजे चोक. माप सहस्रांशापर्यंत देणारें, नळीच्या आंत जाणारें साधन परवानेदार बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडे असतें; तें काम त्याच्याकडूनच करून घ्यावें. सवड असल्यास नळीभर दर इंचास माप घेऊन कागदावर मांडावें. त्यावरून तीन फसवणुकी ओळखूं येतात.

पहिली, कापलेली नळी. चोक शेवटच्या दोन-तीन इंचांतच असल्यामुळें नळी कापली कीं तो नाहींसा होतो. दुनळींत याची एक सोपी खूण आहे. दोन्ही नळ्या तोंडाकडे एकमेकींजवळ येत जातात आणि मूळ तोंडाशीं जवळजवळ चिकटतात. त्यांच्यामध्यें रुंद फट दिसली तर नळी कापली असावी. दुसरी, मागाहून कोरलेली नळी. समनळीस चोक देण्यासाठीं तोंडाच्या थोडें मागें आंतून कोरून पोकळी करीत. अशा नळींत व्यास आधीं वाढतो व मग तोंडाशीं पूर्ववत् होतो. तिसरी, गंज व पोंचे. गंजानें पोट रुंदावलें तर चोक वस्तुतः होता त्याहून मोठा दिसतो, आणि तोंडाशीं पोंचा असेल तर जेथें नाहीं तेथें चोक भासतो.

छरे उडवून वर्तुळांत मोजण्याची रीत वर सांगितली, ती जुन्या बंदुकीस कदापि लावूं नये. पिळीव लोखंडाच्या नळीच्या सांध्यांत गंज किती शिरला आहे हें बाहेरून कळत नाहीं.

६. ठसे

मापापेक्षांही कालनिर्णयास उपयोगी पडतात ते नळीच्या खालच्या अंगास, बुडाजवळ उमटविलेले तपासणीचे ठसे. इंग्लंडांत नळी दारूच्या जादा भारानें उडवून तपासल्यावर ठसा मारण्याची पद्धत आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीस १६३७ त सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें तपासणीगृह १८१३ त कायद्यानें स्थापिलें गेलें. चोक प्रचारांत येतांच या दोन्ही गृहांपुढें एक अडचण उभी राहिली: पोटांत बसणारी शिशाची गोळी अरुंद तोंडांतून गेली तर नळी फुटेल. म्हणून १८७५ पासून चोकाच्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे गोळीसाठीं नव्हे, हे तीन इंग्रजी शब्द उमटवूं लागले. १८८७ त हे शब्द जाऊन त्यांच्या जागीं ‘चोक’ हा एकच शब्द आला. याच १८७५ ते १८८७ च्या दरम्यानच्या नळ्यांवर दोन आंकडेही आढळतात, उदाहरणार्थ बारा बी व चौदा एम. बी हें इंग्रजी अक्षर पोटाचें व एम हें तोंडाचें द्योतक. पोट बारा बोअरचें, तोंड चौदा बोअरचें, म्हणजे ०.७२९ व ०.६९३ मधील फरक, ३६ सहस्रांश.

मुद्राशास्त्राच्या अभ्यासकास यापेक्षां चांगली मुद्रा कोणती हवी? बारा वर्षांच्या अवधींत बांधलेला असा ठसा आपल्या कागदांतही क्वचितच मिळतो.

बेल्जमच्या लीज शहराच्या नळ्यांवर लंबवर्तुळांत ई-एल-जी हीं अक्षरें असून मापें मिलिमीटरांत असतात. जर्मन नळीवर चोकासाठीं मुकुटाखालीं डब्ल्यू हें अक्षर येतें. रिबेवरील नांव पुष्कळदां विकणाऱ्या दुकानदाराचें असतें, तेव्हां त्यावरून कारखाना ठरवूं नये. ठसा मुळींच नसेल तर त्यावरून काल काढूं नये. आपल्या देशी लोहारांच्या नळ्यांवर असे ठसे असावयाचेच नाहींत.

७. मापें व पूर्वपक्ष

गेल्या हिवाळ्यांत घरधन्यांच्या संमतीनें व त्यांच्या समक्ष प्रस्तुत बंदुकीच्या नळ्या एका परवानेदार कारागिरानें दस्त्यापासून सोडविल्या. उजव्या नळीचें पोट ०.७३० व तोंड ०.७२८ इंच भरलें. फरक २ सहस्रांश, म्हणजे ती समनळी. डाव्या नळीचें पोट ०.७३१ व तोंड ०.६९४ इंच, फरक ३७ सहस्रांश, म्हणजे पाऊण व पुरा यांच्या दरम्यान, पुऱ्याकडे झुकणारा चोक. संकोच तोंडापासून सुमारें दोन इंचांवर सुरू होतो. त्यामागें कोरल्याची पोकळी नाहीं. नळ्या तीस इंच असून तोंडाशीं भिडलेल्या आहेत, म्हणजे कापलेल्या नाहींत. खालचें तेल व मळ पुसल्यावर बर्मिंगहॅमचे ठसे दिसले. आणि डाव्या नळीवर ते तीन शब्द व बारा बी, चौदा एम हे आंकडे. ठशाचा हिशोब ३६, आमचें माप ३७.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला: चोकाच्या कल्पना १८६६ पूर्वींही होत्या, मग ही नळी जुनी कां नसावी? उत्तर: नुसत्या संकोचावरून आम्ही काल ठरवीत नाहीं; ठसा व संकोच परस्परांस दुजोरा देतात, आणि ठसा १८७५ पूर्वींचा असूंच शकत नाहीं. दुसरा: जुनी नळी मागाहून दुरुस्त होऊन पुन्हां तपासली गेली असेल. तसें असतें तर पूर्वींच्या तपासणीचे ठसेही शेजारीं दिसते, ते नाहींत. शिवाय कृष्णाकांठची बंदूक बर्मिंगहॅमला नेऊन परत आणल्याचें गृहीत धरावें लागतें. तिसरा: कळ व दस्ता जुना, नळ्या तेवढ्या नव्या. हा आक्षेप विचारार्ह खरा. परंतु नळ्यांवर व कळीच्या आंतील बाजूस एकच क्रमांक कोरलेला आहे, त्यावरून हे भाग एकाच वेळीं एकत्र बसविलेले दिसतात.

१८७५ नंतर ठासणीची बंदूक कोणी कां करील, अशी शंका आम्हांसही आली होती. पण काडतुसाची बंदूक घेतली कीं काडतुसें घेणें आलें. ठासणीच्या बंदुकीस दारू, छरे व टोप्या पुरतात. पिकांच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकांचे परवाने खेड्यांत पुढेंही दीर्घकाळ चालत आले, तें याच कारणानें. जुना घाट हा जुन्या काळाचा पुरावा नव्हे.

तेव्हां निर्णय असा: ही बंदूक १८७५ ते १८८७ या अवधींत बर्मिंगहॅमला तपासली गेली. सत्तावनशीं तिचा संबंध नाहीं. आम्हीं पूर्वीं केलेली नोंद चुकीची होती व ती आम्ही येथें मागें घेतों.

८. रुमालांतील यादी

हा निर्णय घरधन्यांस सांगणें आम्हांस जड गेलें. ते वयानें आमच्याहून मोठे. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि इतकेंच विचारलें, “मास्तर, मग आमचे आजोबा खोटें बोलले काय?”

या प्रश्नास वजाबाकीनें उत्तर देतां येत नाहीं. आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें तेच उठले आणि देवघरावरच्या फळीवरून एक रुमाल काढून आमच्यापुढें ठेवला. त्यांत बहुतेक शेताचे पट्टे व देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांत एक अरुंद कागद निघाला. त्यावर साल नाहीं, शिक्का नाहीं, मोडी अक्षर घाईचें. सरकारांत जमा केलेल्या हत्यारांची ती यादी आहे. तींत दोन तरवारी, एक कट्यार आणि एक जामगीची एकनळी बंदूक इतकी नोंद आहे.

सत्तावनच्या उठावांतच सरकारनें १८५७ चा २८ वा कायदा करून शस्त्रें बाळगण्यावर निर्बंध घातले. १८७८ च्या ११ व्या कायद्यानें परवान्याची पद्धति कायम केली. कागदावर साल नसल्यामुळें ही यादी नेमकी कोणत्या जमातीच्या वेळची हें आम्ही निश्चयानें म्हणत नाहीं. परंतु टोपीची दुनळी आणि जामगीची एकनळी या दोन निरनिराळ्या बंदुका होत, याविषयीं संशय नाहीं. आजोबांच्या बोलण्यांतील बंदूक घरांत होती आणि ती सरकारांत गेली, असें मानण्यास या कागदानें जागा होते. पुढें परवाना मिळून दुसरी बंदूक त्याच खुंटीवर आली, आणि पहिलीची गोष्ट दुसरीस चिकटली. खुंटी तीच राहिली म्हणून गोष्टही तीच राहिली असावी. हें आमचें अनुमान आहे, निर्णय नव्हे. पण घरधन्यांच्या प्रश्नास आम्हीं हेंच उत्तर दिलें. त्यांनीं यादी पुन्हां वाचावयास सांगितली. जामगीच्या बंदुकीची ओळ आली तेव्हां ती दोनदां वाचून घेतली. त्या दिवसापासून तो अरुंद कागद बंदुकीहून अधिक जपून ठेवला आहे.

वस्तूवरील पाटी व वस्तु यांत अंतर पडण्याचें उदाहरण साताऱ्यास दूर शोधावें लागत नाहीं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ त साताऱ्याच्या संग्रहालयांत प्रदर्शनार्थ आलीं. तीं ग्रँट डफ यास साताऱ्यास असतां मिळालीं असें त्यांच्या पेटीवरील लेख सांगतो. तींच शिवछत्रपतींनीं वापरलेलीं होत, हें पडताळून पाहतां येत नाहीं असें तें संग्रहालय स्वतःच नमूद करतें. पाटी जपावी, पण पाटीस वस्तूची साक्ष समजूं नये.

९. संग्राहकांस सूचना

ज्यांच्याकडे परवान्यावर किंवा संग्रहांत अशा बंदुका आहेत, त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या अशी विनंति आहे.

सर्वांत आधीं बंदूक रिकामी आहे याची खातरी करावी. ठासणीच्या बंदुकींत पिढ्यान् पिढ्या बार तसाच राहिलेला असतो. गज नळींत बुडापर्यंत सोडून तोंडाशीं खूण करावी, आणि तोच गज बाहेरून नळीशेजारीं धरावा. खुणेचें टोंक कानापर्यंत न पोंचतां दोन-चार बोटें अलीकडेच राहिलें, तर आंत बार आहे असें समजून तिला हात न लावतां जाणत्या कारागिरास बोलवावें. दुसरें, ठसे घांसून लखलखीत करूं नयेत. ताम्रपटाचा ठसा आपण जसा कागदावर घेतों तसाच हळुवार घ्यावा. तिसरें, पोटाचें माप, तोंडाचें माप, नळीची लांबी व दोन नळ्यांमधील फट, हीं चारही सहस्रांशापर्यंत किंवा जमेल तितक्या सूक्ष्मतेनें लिहून ठेवावीं. दोन्ही नळ्यांचीं निरनिराळीं लिहावीं, कारण बहुधा उजवी मोकळी व डावी आंवळलेली असते. चौथें, घरची कथा जशीच्या तशी, सांगणाराच्या शब्दांत, पण मापांहून निराळ्या कागदावर उतरून ठेवावी. पांचवें, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं आपल्या बंदुकीची स्थिति काय आहे याची विचारपूस करावी. पुरातन घडणीच्या व निकामी शस्त्रांस त्यांत कांहीं सूट आहे, परंतु ती आपली आपण गृहीत धरूं नये.

औंध, फलटण, जत, मिरज व सांगली या संस्थानांच्या जुन्या मुलखांत घरोघर अशा नळ्या आहेत. पन्नास नळ्यांचीं मापें व ठसे एके ठिकाणीं जमले तर या भागांत विलायती बंदूक केव्हां व कोणत्या मार्गानें आली याचा कांहीं सुगावा लागेल. आम्हीं एका नळीचा हिशोब मांडला आहे. त्यांत चूक आढळल्यास जाणत्यांनीं ती दाखवावी. मागें घेण्याचा सराव आम्हांस आतां झालाच आहे.